चुंबकाच्या पोटाखाली

"हाताची बरी नाय गे पोरगी. टेबलापाशी बसाया लागली, तवापासनं जगनच्या वस्तू गडप व्हतात."

ओट्यावर बसून हौशीबाईनं हे शेजारच्या जिजाच्या कानात सांगितलं. कानात म्हणजे तिच्या परीनं. हौशीबाईचं कुजबुजणं समोरच्या जीपवाल्यालाही ऐकू जातं. ती पोरगी, म्हणजे दोन महिन्यांपूर्वी घरात आलेली तिची सून चैती, तेव्हा आत दुकानात केर काढत होती. तिचा झाडू थबकला आणि पुन्हा चालू झाला. चेहऱ्यावर काही नाही. मी टेबलावरून सगळं पाहिलं आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मी चुंबक बोलतोय. जव्हारला जगनच्या मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर जो काळा, पुरीएवढा, मध्ये भोक असलेला गोल दिसतो ना, तो मी. एका कडेचा टवका उडालाय. त्याचीही कथा आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतो तो मोखाड्याच्या एका मंडपवाल्याचा भलामोठा स्पीकर. त्याच्या पाठीशी बसून मी कितीतरी लग्नं वाजवली. नवरी रडत असायची आणि आम्ही ढणढण नाचाची गाणी लावायचो. पुढे स्पीकर जळला आणि कुडाला टेकून पडून राहिला. आयटीआयत शिकणाऱ्या जगननं तो मागून आणला, हातोडीनं फोडला आणि मला बाहेर काढलं. टवका तेव्हाच उडाला. त्याचा मला कधी राग आला नाही. ज्याला मी हवा होतो असं माणूस तोवर कुणी भेटलंच नव्हतं.

जगन ठाण्याला दुरुस्तीच्या दुकानात कामाला गेला, तेव्हा पायमोज्यात गुंडाळून मलाही घेऊन गेला. परत येऊन त्यानं घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान थाटलं, तेव्हा टेबलावर पहिला मी बसलो.

तुम्ही फोनमधला स्क्रू पाहिलाय का? नागलीचा, म्हणजे नाचणीचा, दाणा त्याच्यापुढे गलेलठ्ठ वाटेल. नुसती शिंक आली तरी तो उडतो आणि जमिनीवर पडला की पडला. म्हणून जगन स्क्रू काढला की माझ्या पाठीवर टाकायचा. "धर रं वस्ताद," म्हणायचा. मी धरायचो. एका वेळी चाळीस-चाळीस स्क्रू माझ्या अंगावर उभे असायचे, साळिंदराच्या काट्यांसारखे. साऱ्या घरात मला नावानं हाक मारणारा तो एकटा. मला अजून काय हवं होतं?

मग चैती आली.

ती सूर्यमाळची. उन्हाळ्यात दरीतून पाणी वर आणणाऱ्या गावची, त्यामुळे हंड्यातलं पाणी आणि तोंडातला शब्द, दोन्ही सांडायची तिला सवय नाही. पहिले पंधरा दिवस ती दाराशी उभी राहून नुसती बघायची. मग स्टुलावर बसून बघू लागली. एक दिवस म्हणाली, "अवो, ह्ये समदं एकाच ठिकाणी टाकता, मंग कुठला कुठला ते कसं कळतं?"

"अंदाजानं," जगन हसला. "वस्ताद हाय ना."

ती उठली. आत गेली आणि लग्नाच्या उरलेल्या पत्रिका घेऊन आली. एक उलटी केली, पाठकोऱ्या बाजूवर पेनानं फोनचा आकार काढला, दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली आणि जगननं काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागी बसवला. वरचा वर, खालचा खाली.

माझ्या अंगाची लाही झाली. एक कागद! आणि तोही कसला? ज्याच्या पुढच्या बाजूला 'जगन' आणि 'चैती' शेजारी-शेजारी छापलेत असा. त्याच्यावर माझे स्क्रू!

त्या दिवसापासून "धर रं वस्ताद" कमी झालं आणि "चैती, बघ गं" वाढलं. माझ्या पाठीवर जुने, बिनमालकाचे स्क्रू तेवढे उरले. जगन चहाचा कपही आता माझ्यावर ठेवायचा. कप! मी बशी आहे का? ती टेबल पुसायची, तेव्हाही माझ्याभोवतीनं पुसायची. मला वाटायचं, घाबरते मला. आता कळतं, नवऱ्याच्या आवडत्या वस्तूला सासरी लगेच हात लावू नये एवढं ती शिकून आली होती.

त्यातच हौशीबाईला स्क्रू हरवल्याचं दिसायला लागलं. हरवायचे ते आधीही. पण आधी हरवलं की फोनचं नशीब वाईट असायचं, आता सुनेचा हात. जगन आईला गप्प करायचा नाही आणि बायकोला ऊठ म्हणायचा नाही. मला वाटलं, अजून एखादा चांगलासा स्क्रू हरवला की झालं. स्टूल जाईल आत, चैती जाईल चुलीशी आणि टेबलावर पुन्हा आम्ही दोघं.

ओट्यावरचं ते बोलणं झालं, त्याच दुपारी दाभोश्याचा सुकऱ्या आला. फोन चार्ज होत नव्हता. "चारच्या जीपला दे भावा," तो म्हणाला. "उद्या मी कामावर वसईला चाललो. घरवालीचे दिवस भरत आलेत. फोन नाय तं मला कळंल कसं?" फोन ठेवून तो बाजारात गेला.

जगननं फोन उघडला. चैतीनं पत्रिकेवर स्क्रू मांडले. त्यातला सगळ्यात आखूड तिनं शेवटी ठेवला, माझ्या अगदी जवळच्या कडेला. पट्टी तिथं संपली होती. जगनचं कोपर पत्रिकेला लागलं, ती सरकली आणि तो एवढासा स्क्रू टणकन उडी मारून माझ्याकडे आला. मी काय केलं? जे येतं ते केलं. ओढला. टवक्याच्या फटीतून तो सरळ माझ्या पोटाखाली गेला.

"एक कमी हाय," जगन म्हणाला.

हौशीबाई दारातच होती. "मी काय सांगत व्हती?" ती एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. बघायला जिजाही आली.

चैतीनं जमीन झाडली. केर टाकला नाही. आतून सूप आणलं, केर त्यात घेतला आणि नागली पाखडावी तसा पाखडला. धूळ उडाली, जड ते मागे राहिलं: दोन जुने स्क्रू, एक खडा, फुटक्या बांगडीचा तुकडा. तो स्क्रू नव्हता. कसा असेल? मी गप्प होतो. माझ्या पोटाला तो स्क्रू टोचत होता आणि मी गप्प होतो.

पावणेचार झाले. बाहेर जीपवाला ओरडायला लागला. "जाऊ दे," जगन म्हणाला, "वस्ताद हाय ना." कितीतरी दिवसांनी! त्यानं माझ्या पाठीवरून तसाच दिसणारा एक स्क्रू उचलला आणि फोनवर धरला.

इथं मला एक कबूल करायचंय. तो स्क्रू माझ्या पोटाखालच्याहून केसभर लांब होता, हे मला माहीत होतं. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की खालच्या बोर्डात घुसतो आणि फोन कायमचा मरतो. जगनच्या लग्नाच्या आधी जिजाचा फोन असाच गेला होता. जगन म्हणाला होता, फोनच खराब. मी सगळं गोळा केलं होतं, पण कुठला कुठल्या घरचा ते मला कधीच ठाऊक नव्हतं. एवढं कळूनही, त्याची बोटं माझ्याकडे परत आली म्हणून मी खूश होतो. हेवा माणसालाच होतो असं समजू नका.

"थांबा."

चैतीनं त्याचं मनगट धरलं. सासूच्या देखत. तिनं तो स्क्रू घेऊन आपल्या नखावर ठेवला, बाजूला जगननं काढलेला दुसरा ठेवला. "ह्याच्याहूनबी लांब हाय, आन् हरवलेला तं समद्यांत आखूड व्हता," ती म्हणाली. मग तिनं पत्रिकेची रिकामी कड पाहिली, टवका पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

दोन्ही हातांनी तिनं मला उचललं आणि उलटं केलं.

आजवर मला कुणी उलटं केलंच नव्हतं. जगननंही नाही. माझ्या पोटाला लोखंडाच्या भुशाची दाढी आली होती आणि तिच्यात सुकऱ्याच्या फोनचा आखूड स्क्रू होता. नुसता तोच नव्हे. अकरा-बारा आणखी होते, गंज चढलेले. आणि मधोमध, आडवी, गोधडीची एक मोठी सुई. गेल्या शिमग्याला हौशीबाईची सुई हरवली होती, तेव्हा तिनं जिजावर आळ घेतला होता आणि दोघी महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या.

जगननं आखूड स्क्रू बसवला. फोनवर चार्जिंगची खूण दिसली. सुकऱ्या धावत येऊन फोन घेऊन जीपला लटकला.

आता माझ्या भोकातून दोरी ओवलीय. टेबलाच्या पायाला, खिळ्याला मी टांगलेला असतो. संध्याकाळी दुकान आवरताना चैती मला जमिनीवरून फिरवते, सांडलेलं सगळं मी वेचतो आणि ती ते माझ्या अंगावरून पुसून वेगवेगळ्या डब्यांत टाकते. तिच्या पत्रिकांचा हेवा अजून वाटतो, तो गेला असं म्हणणार नाही. पण आता कपाखाली बसावं लागत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी ओढून धरणारं असेल तर त्याला टाकून देऊ नका. अधूनमधून फक्त उलटं करून बघा.

त्या दुपारी जीप गेली तरी दुकानातून कुणी हललं नाही. हौशीबाई सुईकडे बघत होती, जिजा हौशीबाईकडे आणि जगन आपल्या पायांकडे. चैतीनं सुई पदराला पुसली, सासूच्या हातात दिली आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली:

"आये, ही सुई हरवली तवा मी सूर्यमाळला व्हती. आमच्याकडं लवकर पिकणारी हळवी नागली आन् उशिरा पिकणारी गरवी नागली कुणी एका मडक्यात ठेवत नाय, दाणा सारखाच दिसतो तरी. ह्या वस्तादाला मी दोरी बांधते, तो खालचं सांडलेलं बघंल. टेबल मी लावीन. आन् ह्याच्यापुढं काय हरवलं तं आधी मला विचारा. जिजामावशीला मागनं सांगा."