परातीतलं खोरं

भिजवलेल्या कणकेचा ओलसर वास आला की मला पोळी आठवत नाही, मेक्सिकोचे डोंगर आठवतात. माझी बायको वसुधा दुबईतल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवायची, आणि अझ्टेकांच्या खोऱ्याचा धडा आला की घरातली सगळ्यात मोठी परात टॅक्सीत घालून न्यायची. काठाला कणकेची पर्वतमाला, मध्ये निळीचं पाणी, आणि त्या पाण्यात नगरीचं बेट म्हणून एक वेलदोडा. "पाण्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून तर हे तळं आहे," असं म्हणताना तिचा उजवा हात हवेत गोल फिरायचा, आणि त्या वर्तुळात सगळं खोरं मावायचं. मी चिडवायचो, "अगं, एवढं मोठं जग पडलंय, तुला तेच एक डबकं!" ती म्हणायची, "गप्प बसा हो. निवृत्त झालात की न्यायचंय मला तिथं." इन्शाल्ला, म्हणायचो मी. टाळाटाळीला बरा शब्द सापडला होता.

नेलं नाही. आता जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या खिडकीशी ती तासन् तास बसते. खालच्या बांधीव तळ्यावर धुळकट, पिवळा उन्हाळा पसरलेला असतो आणि तिची दृष्टी त्यावरून निरर्थक वाहत राहते. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग रस्ते, मग लेकीचं नाव. माझं उरेल, असा मला उगाच माज होता.

काल न राहवून मीच परात काढली. कणीक मला मेली कधी जमली नाही. संध्याकाळपर्यंत एसीच्या वाऱ्यानं उत्तरेकडचा डोंगर वाळून तडकला आणि निळं पाणी टेबलभर झालं. वसुधा ताडकन उठली. कित्येक महिन्यांनी तो हात हवेत गोल फिरला, आणि तिनं भेगेवर बोट दाबून धरलं. "इथंच फोडला स्पॅनिशांनी डोंगर," ती वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "पुराला भिऊन. तळं गेलं, आणि चिखलावरचं शहर अजून खचतंय."

आली! माझी वसुधा परत आली! मला रडूच फुटलं, मी तिचा हात घट्ट धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला आणि पालकसभेतल्या अदबीनं विचारलं, "आपण कोणाचे वडील?"

मी लेकीचं नाव सांगितलं. "हुशार आहे हं," म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

मी टेबल पुसत राहिलो. काळ माणसाला एकदम नेत नाही. काठ तसेच ठेवून आधी तळं रिकामं करतो, आणि मागे राहिलेल्यानं त्या कोरड्या काठावर बसून, मी इथंच आहे गं, एवढंच म्हणत राहायचं असतं.