मूळ चालीचं गाव

मुखडा

तिकोणा पेठेच्या भजनी मंडळात भिमाजी आबांनी उभी हयात पेटी वाजवली. या हयातीत त्यांनी स्वतः बांधलेली चाल एकच. ती सुरू केली की टाळकरी जांभया द्यायचे आणि त्यांच्यातला केरबा हमखास म्हणायचा, "आबा, ही नको. शिणमाची लावा." देव मारुती असो की विठ्ठल, मंडळाला तो सिनेमाच्या चालीवरच पावत असे.

मरण्याआधी ती चाल कुणीतरी धड ऐकावी, एवढंच आबांना हवं होतं.

पहिला अंतरा

यंदा एकादशीच्या भजनाला लोणावळ्याहून समर्थ आला. तो यूट्यूबवर हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहास सांगतो. इतिहास म्हणजे कुणी कुणाची चाल चोरली ते. मंडळानं नेहमीची फर्मास चाल लावली. तरुणपणी वडगावच्या जत्रेत, तंबूतल्या सिनेमात ऐकून आबांनी ती उचलली होती. दुसऱ्याच ओळीला समर्थ उठून उभा राहिला.

"हे गाणं तर देशाला पाठ आहे! म्हणजे मुंबईनं ते इथून नेलं!"

"उलटं हाय, सायेब," आबा म्हणाले. "तिकीट काढून आमीच आणलं."

"बघा ही लोककलावंताची नम्रता," समर्थनं कॅमेऱ्याला सांगितलं.

माणूस तयार कानाचा दिसतो, आबांना वाटलं. त्यांनी भाता ओढला आणि स्वतःची चाल गायली. समर्थनं डोळे मिटून सगळी ऐकली. आबांचा जीव टांगणीला.

"ही मात्र सिनेमातली आहे, आबा. पन्नासच्या दशकातली. नाव आत्ता आठवत नाही."

मधला तुकडा (नुसती वाद्यं, गाणारा गप्प)

व्हिडिओ गाजला. पवनेच्या काठी केरबाचे पर्यटकांसाठी तंबू आहेत. तिथे फ्लेक्स लागला: 'मूळ चालीचं गाव'. त्यावर आबांचा फोटो, आणि त्याच्या दुप्पट केरबाचा. मग टाळकऱ्यांना आठवायला लागलं की फार पूर्वी मुंबईचा कुणी बाबू टेप घेऊन गावात आला होता. गेणूला तर त्याची टोपीसुद्धा आठवली. त्या काळी गेणू जन्मला नव्हता.

"आरं, मी सोता ऐकलीया ती, तंबूत!" आबा कळवळून म्हणाले.

"गप ऱ्हावा, आबा. गावाच्या अब्रूचा सवाल हाय," केरबा म्हणाला. "तुमचा सत्कारबी ठरलाय."

घरी त्यांची बायको कस्तुराबाई भाकरी थापता थापता हसली. "चोरून आणली तवा कुनी इचारलं न्हाई. आता चोरीला गेली म्हून शाल देत्यात. घ्या की, थंडीला हुईल."

"अन् माजी?"

"ती तर चोरलेली ठरली न्हवं?"

दुसरा अंतरा

केरबाच्या तंबूंपुढे सत्कार झाला. शाल, नारळ, हार. समर्थ माइकवर गरजला, "आता आबा आपल्याला मूळ चाल ऐकवतील!"

आबांनी पेटी पुढे ओढली. मूळच मागतायत ना? त्यांनी स्वतःची लावली.

पहिली जांभई पुढच्या रांगेत आली आणि मागेपर्यंत पोचली. "आबा, ही नको!" केरबा दात आवळून पुटपुटला. समर्थनं पाहुण्यांना समजावलं, "वय झालंय. सिनेमातलं काहीतरी मधे घुसतंय." मग माइक उचलला गेला, स्पीकरवर सिनेमाचं ते गाणं खुद्द सिनेमातल्याच आवाजात लागलं, आणि मूळ चालीच्या गावात पाहुणे मनसोक्त नाचले.

आबा थांबले नाहीत. कस्तुराबाई पुढे येऊन बसली आणि तिनं टाळ धरले.

तिसरा अंतरा

जुन्या तबकडीत तीन मिनिटांपलीकडचं मावत नसे, म्हणून हा बहुधा कापला जाई. आबांनी तो सबंध गायला. ऐकणारी एकच होती. आणि तीही मधेच म्हणाली, "अवं, लय लांबवू नगा. पिठलं टाकायचं ऱ्हायलंय."