माळ्यावरचं बिऱ्हाड

कासमभाई कौल हातात घेत आणि बोटाच्या पेरानं त्यावर हलकेच टिचकी मारत. धड कौल खणखणे, तडकलेलं बद्द वाजे. वैशाखाच्या पांढऱ्या, डोळे दिपवणाऱ्या उन्हात भद्रकालीतल्या छपरांवरून हा नाद सकाळपासून खाली उतरत असे, आणि तो ऐकून गल्लीला कळे की पावसाळ्याआधी कौलं चाळायला, तडकलेली बदलायला कासमभाई आले. कृश बांधा, मेंदीनं तांबूस झालेली दाढी, खांद्यावर निळ्या चौकड्यांचा रुमाल. छपरावरून ते चालत तेव्हा खालच्या माणसाला पाऊल ऐकू येत नसे, आणि मला नेमकं हेच आवडत नसे.

मी तेव्हा नाशिकच्या कोर्टात कारकून होतो. पस्तीस-छत्तीस साल असावं. दिवसभर शपथेवरची खोटी बोलणी उतरवून घेणाऱ्या माणसाच्या मनात शंकेची पाल सदा चुकचुकतच असते. माझ्या मनात तर तिनं घरच केलं होतं. माळ्यावर गवतात घातलेल्या अढीतले आंबे कमी होऊ लागले, तेव्हा मी आधी मोलकरणीवर संशय घेतला, मग घरमालकावर. माझी बायको, माई, सातव्या महिन्यात होती. तिला अवेळी वरून आंबेमोहोर तांदळाच्या भाताचा वास येई. मी त्याला डोहाळे म्हणून हसत असे.

कासमभाईंनी माळ्यावर नुसतं डोकं घातलं आणि तो वास ओळखला. “भात नाय, साहेब. उदमांजर आहे. तिच्या अंगाचाच वास असा. इथंच व्यालीय, तीन पिल्लं हायेत.”

शेजारच्या आबा उपाध्यांनी दोन उपाय सुचवले: आंब्यात कुचल्याचं विष भरून ठेवायचं, नाहीतर देवळालीच्या छावणीतून कुणी बंदूकवाला आणायचा. माईनं दोन्ही ऐकून घेतले आणि मला आत बोलावून म्हणाली, “पोटुशी बाई घरात असताना तिच्या नवऱ्याच्या हातून जीव जाऊ द्यायचा नसतो. माझ्या माहेरी या दिवसांत झाडाची फांदीसुद्धा तोडत नाहीत. एवढं माझं ऐकाल ना?” तिच्या स्वरात आर्जव होतं आणि डोळ्यांत भीती. आधीचं एक मूल आम्ही जन्मतःच गमावलं होतं. मी हो म्हणालो, आणि ते काम कासमभाईंवर आलं.

त्यांची रीत संथ होती. त्यांनी अढी खाली उतरवली, ती ज्या एका सैल कौलाखालून ये-जा करी तेच काढून वाट मोकळी केली, माळ्यावर ऊन पडू दिलं, आणि त्या वाटेशी चुलीतली राख पसरली, म्हणजे आल्या-गेल्याची पावलं उमटतील. उजेड खुपला की आई स्वतःच दुसरी जागा हुडकते, एकेक पिल्लू मानेला धरून नेते, असं ते म्हणाले. “तिचं बिऱ्हाड तिलाच हलवू द्या, साहेब. सगळी गेली की मी सांगतो. तोवर कौल बसवायचं नाय.”

राख पाहून आबांनी मला ओसरीवर गाठलं आणि कानाशी लागले, “गर्भारशीच्या डोक्यावर राख टाकतो तो माणूस, आणि तुम्ही बघत बसता?” करणीबिरणीवर माझा विश्वास नव्हता, पण संशयाला विश्वासाची गरज लागतच नाही. कासमभाई माळ्यावर गेले की मीही मागोमाग जाऊन बसू लागलो. ते त्या वाटेकडे पाठ करून बसत, माळ्यावरच्या तांब्याच्या हंड्यांकडेही पाहत नसत, आणि हातातल्या मण्यांवरून बोटं फिरवत असत. कौलांच्या फटींतून उतरलेल्या उन्हाच्या सळ्यांत धूळ तरंगत असे आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी शांतता असे की ती मला सोंगाची वाटे. एवढी शांतता खऱ्या माणसाला परवडत नाही, असं माझं तेव्हाचं कारकुनी मत होतं. मी सारखा त्यांचं एखादं खोटं पकडायला टपलेला असे.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिन्हीसांजेला मी अंगणातून पाहिलं: करड्या अंगाची ती लांबट आई छपरावरून चिंचेच्या फांदीवर गेली, तोंडात पिल्लू. कासमभाई तेव्हा निघण्याच्या बेतात होते. म्हणाले, “हे पहिलं. दोन आत हायेत. उद्या जुम्मा आहे, मी नमाजानंतर येतो.” ते गेले आणि माझ्या मनानं उचल खाल्ली. ती तीन पिल्लं पाहिली होती कुणी? त्यांनीच ना? उद्या चार म्हणतील. मी शिडी लावून वर गेलो, कान देऊन ऐकलं, काही हाललं नाही. जप्तीच्या घराला सील ठोकावं तशा दिमाखात मी ते कौल बसवलं आणि वर धोंडा ठेवला.

पहाटे छपरावर काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. “काय हो ते?” माईनं विचारलं. मी घूस म्हणालो.

दुपारी कासमभाई आले. वर चढताच त्यांना धोंडा दिसला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. कौल निघालं. माळा भट्टीसारखा तापला होता. कोपऱ्यातल्या गवतात खरोखरच दोन पिल्लं होती: एक धापा टाकत होतं, दुसरं हलत नव्हतं. कासमभाईंनी रुमालाचं टोक भिजवून जिवंत पिल्लाच्या तोंडाशी धरलं, ते वाटेपाशी सावलीत ठेवलं आणि आई बुजू नये म्हणून पाठ फिरवून बसले. मीही पाठ फिरवून बसलो. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. कितीतरी वेळानं, ऊन पार कलल्यावर, मागे आंबेमोहोराचा वास आला, किंचित खसखस झाली, आणि वळून पाहिलं तेव्हा सावलीतली जागा रिकामी होती.

मेलेलं पिल्लू कासमभाईंनी त्या ओल्या रुमालात गुंडाळलं, आपल्या टोपलीच्या तळाशी ठेवलं आणि त्यावर फुटक्या कौलांचे तुकडे रचले. खाली शिडीपाशी माई उभी होती. एक हात भिंतीला, एक पोटावर.

“सगळी गेली ना हो, कासमभाई?”

त्यांनी टोपली डोक्यावर सावरली. “तिन्ही नेली, बेटी. आईनं स्वतः नेली. काळजी नको करू.”

इतके दिवस मी ज्याच्यावर टपलो होतो ते खोटं अखेर माझ्यासमोर बोललं गेलं, आणि मी खाली मान घालून उभा राहिलो. ते गोदावरीच्या बाजूला चालत गेले, नेहमीप्रमाणे पाऊल न वाजवता.

आषाढात आम्हाला मुलगी झाली, सुखरूप. पुढच्या वैशाखात कौलं चाळायला दुसराच माणूस आला; कासमभाई दिवाळीतच वारल्याचं त्यानं सांगितलं. माई पुढं तीस वर्षं लेकीला हौसेनं सांगत राहिली की तुझ्या वेळी आपल्या घरातून तिन्ही पिल्लं सुखरूप गेली. ते सांगताना ती कधी माझ्याकडे पाहत नसे. कासमभाईंच्या खांद्यावरचा रुमाल त्या संध्याकाळी का नव्हता, हेही तिनं कधी विचारलं नाही, आणि तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे.

कासमभाईंनी मला वाचवलं, एवढं मला ठाऊक आहे. माईनंही सारं जाणून मला आयुष्यभर वाचवलं का, हा एकच संशय उरला आहे, आणि तो फेडायला आता दोघांपैकी कुणीच मागे नाही.