डोंगराळ खोऱ्यातली मुलं

साल २००४. सरकारी निधीतून संशोधन करायचं तर अर्जात एक पान समाजाच्या फायद्याचं हवंच, ते नसेल तर अर्ज न वाचताच परत, असा नियम नुकताच कडक झाला होता. नियम चांगला होता. पैसा लोकांच्या करातला. त्यांच्या पदरात काय पडणार, हे विचारण्यात वावगं काय? पण चांगल्या नियमातूनही वाईट रीत पडते, आणि एकदा पडली की ती वाईट आहे हेसुद्धा कुणाच्या ध्यानात राहत नाही.

अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या एका विद्यापीठात, भूजल विभागाच्या कचेरीत अर्लीन कुबिचेक एकतीस वर्षं टायपिंग करत होती. आधी खडखडणाऱ्या यंत्रावर, मग संगणकावर. मार्चातल्या त्या मंगळवारी डबा उघडून ती दालचिनीचा रोल खात होती, तेवढ्यात विभागातला संशोधक डॉक्टर पेनिमन दारातून डोकावला. नव्या अर्जाची शेवटची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची होती.

"अर्लीन, समाजाचं पान मागच्या अर्जातलंच घ्या. तारीख तेवढी बदला. आणि तुमच्या भावजयीकडून ते पत्र."

पेनिमन वाईट माणूस नव्हता. शेतातल्या खतातलं नायट्रेट वाळूतून झिरपत पाण्यात कसं उतरतं, यावर त्याने हयात घालवली होती. समाजाचं पान मात्र त्याला पोस्टाच्या तिकिटासारखं वाटायचं. लावलं नाही तर पाकीट जात नाही, एवढंच.

त्या पानावर लिहिलेलं असे की विद्यापीठाचे विद्यार्थी हार्लो गावच्या शाळेत जातील, मुलांना बरोबर घेऊन शेतावरच्या घरांच्या बोअर तपासतील, आणि पाणी पिण्याजोगं आहे की नाही ते घरोघर सांगतील. पुरावा म्हणून शाळेचं पत्र जोडायचं. आता हे पत्र शाळा लिहीत नसे. ज्याला हवं तोच लिहायचा, शाळेने फक्त सही करून परत पाठवायचं. सगळीकडे तीच रीत होती. हार्लोच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बर्नी म्हणजे अर्लीनच्या वारलेल्या भावाची बायको. घरचीच माणसं. दोनदा पत्र गेलं, दोनदा सही होऊन आलं, दोनदा निधी मिळाला. हार्लोला कुणीही गेलं नाही.

अर्लीनने पत्र टाइप केलं आणि फॅक्स केलं. बुधवारी परत आलं नाही. गुरुवारी दुपारी बर्नी स्वतःच कचेरीत उभी राहिली, दोन तास गाडी हाकून, बुटांना चिखल तसाच.

"बस की," अर्लीन म्हणाली. "ट्रीनाचं बाळ कसं आहे?"

ट्रीना म्हणजे बर्नीची लेक. फेब्रुवारीत तिच्या सहा आठवड्यांच्या पोराचे ओठ निळे पडले होते. इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो दुधाच्या पावडरीत पाणी कुठलं घालता, हा.

"वाचलं," बर्नी म्हणाली. "आता बाटलीबंद पाणी आणतात. बसते नंतर. आधी हे ऐक." तिने पर्समधून पत्र काढलं. "'आमच्या डोंगराळ खोऱ्यातली मुलं या संधीची आतुरतेने वाट पाहत आहेत.' अर्लीन, डोंगर कुठाय गं आपल्याकडे? धान्याच्या त्या टोलेजंग कोठीहून उंच काही बघितलंयस तू हार्लोत?"

अर्लीनने चष्मा पुसला आणि वाक्य पुन्हा वाचलं. मग कपाटातून आधीचे दोन अर्ज काढले. दोन्हींत तेच खोरं, तीच मुलं. तेव्हा तिला आठवलं. ते पान, सोबतच्या पत्रासकट, पेनिमनच्या डोंगराळ कोलोरॅडो राज्यातल्या मित्राने पाठवलं होतं, नमुना म्हणून. गावाचं नाव तिने स्वतः बदललं होतं. डोंगर तसाच राहिला.

फायलीत परीक्षकांचे शेरेही होते. एकाने लिहिलं होतं, "डोंगराळ भागाशी जिव्हाळ्याचं नातं. कौतुकास्पद."

बर्नी हसली. खूप हसली, आणि मग डोळे पुसत मटकन खुर्चीत बसली. "मी तरी कुठे वाचलं? मधल्या सुट्टीत, चिलीच्या रश्श्याचा वाडगा हातात, दोन्ही वेळा खाली सही ठोकून दिली."

आवाज ऐकून पेनिमन बाहेर आला. बर्नीने पत्र त्याच्या हातात दिलं. तो ओशाळला. म्हणाला, बाई, ही चूक आत्ता दुरुस्त करतो. पुढे म्हणाला, ते पान सगळेच असं लिहितात, मी स्वतः परीक्षक असतो, खरं वजन विज्ञानाला असतं.

"तुमचं विज्ञान माझ्या लेकीच्या बोअरमधलंच आहे ना, डॉक्टर?" बर्नी शांतपणे म्हणाली. "ती पाणी उकळून घेत होती. चांगलं खळखळा. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं, आणि त्यानेच तान्ही बाळं निळी पडतात, हे मला इस्पितळात कळलं. मी विज्ञान शिकवते. तुमचा एक विद्यार्थी एक दिवस आला असता तर माझ्या वर्गाला कळलं असतं, आणि मलाही. गावात अजून दोघी गरोदर आहेत. कधी येताय ते सांगा."

 विद्यार्थी मोकळे नाहीत, तपासणीसाठी अर्जात वेगळी तरतूद ठेवलेली नाही, असं काहीतरी पेनिमन म्हणाला. "उन्हाळ्यात बघू."

"तारीख द्या."

त्याने पत्र तिच्या हातात परत दिलं.

बर्नीने अर्लीनच्याच टेबलावर शाळेचा कागद काढला आणि हाताने पत्र लिहिलं. आमच्याकडे डोंगर नाहीत. दोनदा वचन मिळालं, कुणी आलं नाही. मीही न वाचता सही केली, तो दोष माझा. आमच्या बोअर तपासा, मग मी आनंदाने सही करीन. खाली नाव, तारीख. मग अर्लीनच्या डब्यातला अर्धा रोल खाऊन ती आल्या वाटेने परत गेली.

शुक्रवारी दुपारी पेनिमन म्हणाला, "शेजारच्या गावातल्या शाळेला विचारा. ते करतील सही. नाव तेवढं बदला."

नाव तेवढं बदला. एकतीस वर्षांत अर्लीनने ते किती वेळा केलं असेल, तिलाही सांगता आलं नसतं. तिची बोटं अक्षरांवर टेकलेलीच राहिली.

"नाही बदलत, डॉक्टर. शाळेचं पत्र आलंय. आलंय तेच जोडते."

"हा अर्ज बुडेल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

 त्याने मनात आणलं असतं तर तो ते स्वतः बदलू शकला असता. ते त्याने केलं नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे. "पाठवा," असं म्हणून तो खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. पाचला वीस मिनिटं असताना अर्ज गेला.

शरद ऋतूत उत्तर आलं. विज्ञान उत्कृष्ट. स्थानिक शाळेचं पत्र निरुत्साही, त्यामुळे समाजाचा फायदा अपुरा. निधी नामंजूर. तीन परीक्षक, तीन शेरे. त्या बोअर आधी तपासून घ्या, असं एकानेही लिहिलं नव्हतं. खोट्याला दोनदा कौतुक मिळालं होतं. खरं एकदाच सांगितलं, ते निरुत्साही ठरलं.

पुढच्या वर्षी पेनिमनला निधी मिळाला, दुसऱ्या गावाच्या नावावर. ते पत्र दुसऱ्या कुणीतरी टाइप केलं. पुढे तो मानाने निवृत्त झाला; निरोपाच्या भाषणात त्याने अर्लीनचे आभार मानले आणि हार्लोचं नाव घेतलं नाही. अर्लीनने त्या अर्जानंतरच्या उन्हाळ्यातच दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली होती. पुढे कुणी नवी मुलगी टायपिंगला आली की ती तिला एवढंच सांगायची, आधी वाच, मग टाइप कर.

बर्नीने कुणाची वाट पाहिली नाही. तपासणीच्या पट्ट्या मागवून तिने आठवीच्या वर्गाला घरोघर नेलं. एक्केचाळीस बोअर तपासल्या, नऊ वाईट निघाल्या. त्या दोन गरोदर बायकांपैकी एकीची त्या नऊंत होती. बर्नी गेली त्याला आता सहा वर्षं झाली, पण आठवीचा वर्ग दर वसंतात अजून निघतो. ट्रीनाचा मुलगा उंच झालाय, धान्याच्या कोठीवर कामाला जातो.

आणि ते पत्र? ते कुठेतरी आजही फिरत असेल. कुठल्यातरी सपाट गावातल्या शाळेत, मधल्या सुट्टीत, कुणीतरी घाईघाईने सही करत असेल, की आमच्या डोंगराळ खोऱ्यातली मुलं आतुरतेने वाट पाहत आहेत. मुलं वाट पाहत असतात, तेवढं खरं आहे.