फणसाच्या लाकडाचा सां पेद्रू

मी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या लहानशा कपेलातला, म्हणजे छोट्या चर्चमधला, सां पेद्रू बोलतोय. पुस्तकी मराठीत मला संत पेत्र म्हणतात. येशूच्या बारा प्रेषितांतला मी पहिला, असं पाद्रीबाब सांगतात. अर्थात तो मान खऱ्या पेत्राचा. मी त्याची अडीच हात उंचीची मूर्ती. पण माझाही एक अभिमान आहे, तोच आज सांगतो.

माझ्यासारखे संत तेव्हा गोव्याहून यायचे, गुलाबी गालांचे, सोनेरी काठाच्या झग्यातले. मी मात्र नातालीनबायच्या परसातल्या फणसाचा. नातालीन ही मासे विकणारी बाई. तिचा नवरा पास्कोल एकदा निवतीसमोरच्या वादळातून जिवंत परतला, तेव्हापासून दर जूनच्या एकोणतीसला, सां पेद्रूच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, गोव्यात जाऊन मेणबत्ती लावायचा तिचा नवस होता. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा. पंचावन्न साली त्याची हद्द बंद झाली आणि नवस अडला.

“आमका थंय जावक गावना नाय, तर सायबाक हंयच हाडूया,” ती म्हणाली, आणि पडलेल्या फणसाचा ओंडका घेऊन परशुराम मेस्त्रीच्या दारात उभी राहिली.

परशुराम हा गावातला सुतार. दारं, पाळणे, देवघरं करायचा. गोव्यात काम करून नुकताच परतला होता आणि फार कमी बोलायचा. त्यानं ओंडक्यावरून हात फिरवून विचारलं, “दिसाक कसो होतो तुमचो सायब?”

“आमच्यासारखोच. होडी, जाळी, बायको, सासू. येशून हाक मारल्यान, तशी जाळी थंयच टाकून गेलो. मनान बरो, पण उतावळो. पाण्यार चलाक गेलो आणि बुडाक लागलो!”

परशुराम हसला. रोज दुपारी मासे विकून झाले की नातालीन त्याच्या पडवीत बसायची आणि मला घडताना बघत गोष्ट पुढे सांगायची. माझे हात झाले. त्यांवर त्यानं दोरीचे वळ कोरले, कारण पास्कोलच्या हातांवर ते त्यानं पाहिले होते. पेत्राच्या हाती असतात त्या स्वर्गाच्या किल्ल्या झाल्या. राहिला चेहरा.

त्या दिवशी नातालीननं येशूला वधस्तंभावर चढवलं त्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट काढली. “शिपायांनी येशूक धरून नेल्यानी. लोकांनी पेद्रूक इचारल्यानी, तू तेच्यावांगडचो मा? ह्यो म्हणालो, माका नाय म्हायत तो कोण. एकदा नाय, तीनदा. मगे येशून आधीच सांगितल्यान तसो कोंबो आरवलो, आणि ह्यो भायर जावन ढसाढसा रडलो.”

परशुरामच्या हातातली पटाशी थांबली. “आणि असल्याक तुमी हात जोडतात?”

“तेनाच मगे सगळी मंडळी सांभाळल्यान. रोमेत तेका मारूक नेल्यानी, तेव्हा नाय म्हणालो नाय. उलटो टांगून घेतल्यान.”

परशुरामनं पटाशी खाली ठेवली. मग खाली मान घालून बोलला. “म्हापश्यात माझ्याबरोबर गुरुदास कामाक होतो. एका ताटात जेवलेले आमी. पोलिसांक तेच्या पेटयेत तिरंगो गावलो. माका इचारल्यानी, ह्यो तुझो कोण? मी म्हटलंय, कोण नाय. तेका ओढून नेल्यानी. तेना माझ्याकडे नुसता बघल्यान. मेस्त्री म्हणतात माका, नातालीनबाय, पण मी भित्रो माणूस. हो चेरो माझ्यान जमाचो नाय.”

नातालीननं पदरानं डोळे पुसले. “तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाक जमाचो नाय,” ती म्हणाली.

पुढे तीन दिवस परशुराम माझ्या चेहऱ्यावरच काम करत राहिला. चौथ्या दिवशी माझे डोळे उघडले. ते सुजलेले होते, रडून थांबलेल्या माणसाचे होते, आणि समोर बघत होते.

पाद्रीबाबांना ते पटले नाहीत. “लोक संताकडे धीर मागायला येतात. हा तर स्वतःच रडवेला.”

“पाद्रीबाब, ज्येका रडू येता, तोच आमचा ऐकतलो,” नातालीन म्हणाली. मागे उभ्या कोळणी हो हो म्हणाल्या. पाद्रीबाब थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं. छप्पन सालचं फेस्त माझ्यासमोर झालं.

त्या डोळ्यांनी मी खूप पाहिलं. घरची होडी दर्यावर जायच्या आधी चंद्रावती ही हिंदू गाबतीण, म्हणजे कोळीण, अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, माझ्या पायाशी ठेवायची. कोणी विचारलं, “तुमचो देव थोडोच तो?” तर म्हणायची, “होडयेतलो तर आसा!”

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला. परशुराम दुसऱ्याच आठवड्यात म्हापश्याला गेला, पण गुरुदासचा पत्ता लागायला मे उजाडला. जूनच्या फेस्ताला तो त्याला घेऊन आला. तुरुंगानं गुरुदासचे केस पांढरे केले होते, तो एक पाय ओढत चालत होता. माझ्यासमोर दोघे उभे राहिले.

“तुका माझो राग इलो असतलो,” परशुराम म्हणाला.

“इलो तर! तीन वर्सां होतो. मगे रागाचो कंटाळो इलो.” गुरुदासनं माझ्याकडे निरखून पाहिलं. “हो तूच केलंस? नाक जरा वाकडा झाला रे.”

परशुराम हसता हसता रडला. बासष्ट सालच्या त्या मिरवणुकीत माझ्या पालखीचा एक दांडा परशुरामच्या खांद्यावर होता. दुसरा दांडा खांद्यावर घेऊन गुरुदास लंगडत होता, आणि पालखी डुलत होती. इतक्या मानानं कुठला संत मिरवला असेल, मला ठाऊक नाही.

आता अडुसष्ट साल चाललंय. मुंबईला बोटीवर नोकरी करणाऱ्या गावच्या एकानं कपेलाला प्लास्टरचा नवा सां पेद्रू दिला. तो वेदीवर बसला, मला दाराजवळच्या कोनाड्यात आणलं. मला वाटलं होतं, संपलं. झालं उलटंच. वेदीवर हात पोचत नव्हता, इथे पोचतो. येता-जाता लोक माझ्या पायाला हात लावतात. उजव्या पायाचा अंगठा झिजून गुळगुळीत झालाय. पाद्रीबाब नवा रंग लावूया म्हणतात. नका लावू, एवढीच विनंती.

आणि तुम्ही इकडे आलात, तर मेणबत्ती नसली तरी या. घरच्यांना सांगता येत नाही असं काही मनात असेल, तर खुशाल सांगा. हात धुवून यायचीही गरज नाही. मासळीचा वास मला परका नाही.