काचेच्या कपाटातला श्वास

मी एक जुना बँडोनियन आहे, मित्रांनो. नाव ऐकून असं तोंड वाकडं करू नका. दोन लाकडी पेट्या, मधे घड्याघड्यांचा लांबलचक भाता आणि सगळी मिळून एकाहत्तर बटणं. मांडीवर घ्या, ओढा, दाबा, की मी वाजलोच.

स्वभावाने मी जरा तिरपागडा. बटण तेच, पण भाता उघडताना मी एक सूर देतो आणि मिटताना दुसराच. ज्या कारागिराने मला घडवलं त्याला लोक विचारायचे, "अहो, हा असा कसा? जाताना एक बोलतो, येताना भलतंच!" तो म्हणायचा, "माझ्या मेव्हण्यावर गेलाय."

मग मला आजोबांनी घेतलं. तेव्हा ते कुणाचेच आजोबा नव्हते. मिशी नुकती फुटलेली, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम, म्हणून बोटं अशी चपळ की बघणाऱ्याला दहाची वीस दिसावीत. दर शनिवारी दुपारी नाचाच्या हॉलमध्ये ते मला वाजवायचे. तिथे टँगो चाले. टँगोत उड्याबिड्या नसतात हं. दोघांनी एकमेकांना धरून चालायचं, बस. पण असं चालायचं की बघणाऱ्याने खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलवावेत.

एकदा तर आजोबांनी मला इतकं ओढलं, इतकं ओढलं, की माझं डावं टोक हॉलमध्ये आणि उजवं बाहेर जिन्यावर! मिटलो तेव्हा घड्यांमधून तीन माणसं आणि एक छत्री काढावी लागली. खोटं वाटतंय? छत्री अजून कोपऱ्यात उभी आहे, जाऊन बघा.

अशी पन्नास वर्षं गेली. मग आजोबांची बोटं आखडली. मी शालीत गुंडाळून कपाटावर जाऊन बसलो. माझ्या भात्यात एका कोळ्याने सहकुटुंब बिऱ्हाड केलं. माणसं चांगली होती, पण गाण्यात शून्य.

आणि एक दिवस नात आली. ही पोरगी संगणकावर गाणी करते. एका हाताने चहा पिते आणि दुसऱ्याने ढग गडगडवते. म्हणाली, "आजोबा, तुमचा टँगो मला माझ्या ठोक्यांवर बसवायचाय. ह्याचे सगळे सूर हवेत."

"सगळे? माझी बोटं बघितलीस का? लाकडं झालीत."

"एकेक द्या हो. मला कुठे घाई आहे!"

आजोबांनी भाता उघडला. कोळी सहकुटुंब खिडकीबाहेर गेला. मग एकेक बटण, उघडताना एकदा, मिटताना एकदा. चार दिवस चाललं होतं. सगळे सूर यंत्रात गेल्यावर आजोबांनी मला मऊ फडक्याने पुसलं, हॉलवर नेलं आणि नाच शिकवणाऱ्या बाईंच्या हाती दिलं. "हा तुमच्या काचेच्या कपाटात ठेवा. खूप राबला बिचारा."

बाईंनी कुलूप लावलं. सगळे म्हणाले, काय मानाची जागा मिळाली! पण मित्रांनो, मानाच्या जागेत हवा नसते. भाता हलला नाही की त्याचं कातडं वाळतं, घड्यांना चिरा जातात आणि मग माझा फक्त डबा उरतो.

पुढच्या शनिवारी नातीचं नवं गाणं लागलं. काचेआडून मी ऐकलं. माझेच सूर, पण न्हाऊनमाखून, भांग पाडून आलेले! खालून तिचे ठोके असे, की फरशी गुदगुल्या झाल्यासारखी थरथरावी. मला अभिमान वाटला आणि मत्सरही. खोटं कशाला बोलू?

पण नाच काही जमेना. पोस्टमन बेकरीवालीच्या पायावर, बेकरीवाली स्वतःच्याच पायावर. बाईंनी काठी आपटली. "थांबा! अगं पोरी, गाणं गोड आहे, पण पाऊल कसं टाकायचं?"

"ठोका स्पष्ट आहे की, बाई!"

"ठोक्यावर पाऊल पडतं. पण उचलायचं कधी?"

नातीचा चेहरा एवढासा झाला. आजोबा कोपऱ्यातून म्हणाले, "काय गं, सुरांच्या आधी ती सूं-सूं यायची, ती ठेवलीस ना?"

"छे! ती काढायलाच तर तीन दिवस गेले. कचरा होता नुसता."

"कचरा? अगं येडाबाई, तो ह्याचा श्वास! हा श्वास घेतो तेव्हा माणसं पाऊल उचलतात. पन्नास वर्षं हेच चाललंय इथे."

मग कपाटाची किल्ली सापडेना. सगळ्यांचे खिसे झाले, टेबलाखाली झालं. मी आतून ओरडून सांगत होतो, पण ऐकतो कोण? शेवटी निघाली बाईंच्याच अंबाड्यातून. पेन्सिल समजून खोचलेली!

"पण आजोबा, तुमची बोटं..." नात म्हणाली.

"बोटं तुझ्या यंत्राची. मला अंगठा पुरे."

माझ्या उजव्या अंगाला एक पट्टी आहे. ती अंगठ्याने दाबली, की सूर निघत नाही, नुसता वारा आत-बाहेर होतो. नातीने माइक माझ्या नाकाशी धरला आणि यंत्र सुरू केलं. आजोबांनी पट्टी दाबून मला हळूच उघडलं. सूंऽऽ... आणि पंधरा जोड्या, माणशी एक असे तीस पाय एकदम वर! ठोका पडला, तीस पाय खाली. त्या उचलण्यात हॉलसुद्धा जमिनीपासून चार बोटं वर गेला. मी मोजलं ना!

नात हसत होती आणि डोळेही पुसत होती. आजोबांची मान ठोक्यावर डोलत होती. एकही सूर न वाजवता मला टाळ्या मिळाल्या, अशी ती पहिलीच वेळ.

तेव्हापासून दर शनिवारी सूर यंत्राचे आणि श्वास माझा. मधल्या दिवसांत नात मला मांडीवर घेऊन शिकते. अकरा बटणं आली आहेत, साठ राहिली आहेत. काचेच्या कपाटात आता बाईंच्या जुन्या चपला असतात. त्या तिथे सुखात आहेत, त्यांना हवा लागत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणी म्हातारं असेल. त्याला पुसा जरूर, पण पुसून ठेवून देऊ नका. दहा बोटांचं काम होत नसेल तर अंगठ्यापुरतं द्या. आणि कचरा म्हणून काही काढून टाकण्याआधी एकदा कान देऊन ऐका, तो कुणाचा श्वास तर नाही ना.

बरं, बाईंनी काठी आपटली. पाय सांभाळा, मी उघडतोय.