थंड केलेला सूर्य

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. इंदिरानगरातल्या एका फ्लॅटच्या माळ्यावर, गाद्यांच्या गठ्ठ्यामागे माझा मुक्काम असतो. पण एके काळी माझ्या पोटात सूर्य जळत होता, खोटं कशाला सांगू!

१९९३ साली नसीम मॅडमनी मला घरी आणलं. त्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि डॉक्टरेटसाठी सूर्याचं गणित मांडत. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची अणुकेंद्रकं जुळून हेलियम तयार होतो आणि न्यूट्रिनो नावाचे अगदी बारीक कण बाहेर पडतात. ते किती, हे मी एकेक थर घेऊन मोजायचो. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. मॅडम माझ्यावर झालरीचं कापड घालायच्या, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायच्या.

घोडं अडलं ते उत्तरावर. पृथ्वीवरच्या यंत्रांना सापडत त्याच्या जवळजवळ तिप्पट न्यूट्रिनो माझ्या हिशेबात यायचे. मॅडमनी गणित तपासलं, माझे सुटे भाग बदलले. मी आपला तेच उत्तर देई. विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक म्हणाले, "आधी आकडा जुळवा, मग भेटा."

शेवटी मॅडमचा धीर सुटला. त्यांनी गाभ्याचं तापमान थोडं थोडं उतरवलं आणि आकडा जुळवला. माझ्यात जागा अपुरी, म्हणून आधीचे सगळे सूर्य चुकीचे समजून पुसून टाकले. पण बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. खऱ्या सूर्याचा पृष्ठभाग आतल्या लहरींनी थरथरतो, आणि ते थरथरणं शास्त्रज्ञांनी मोजलेलं होतं; हा थंड सूर्य तसा थरथरत नव्हता. मॅडमनी अशी हाय खाल्ली की पुन्हा त्या विषयाचं नाव काढलं नाही. नोंदणीची मुदत संपली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

२००२ मध्ये त्यांची भाची झेबा धावत आली. ती भौतिकशास्त्रच शिकत होती.

"खाला, न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतात म्हणे. जुन्या यंत्रांना त्यातलं एकच नीट सापडायचं. तुमचा पहिला हिशेब बरोबर होता."

मॅडमनी मला खाली उतरवलं, धूळ झटकली, बटण दाबलं. मी घरघरत उठलो. त्या एकेक फाइल उघडत गेल्या. सगळीकडे तोच थंड केलेला सूर्य.

"खरा होता गं माझ्याकडे," त्या झेबाला म्हणाल्या. "मीच पुसला."

त्यांनी बटण बंद केलं.

मित्रांनो, हात जोडून सांगतो, जुळत नाही म्हणून उत्तर पुसू नका. पडू द्या कोपऱ्यात. मॅडमनी नुसतं सांगितलं असतं, तर मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं असतं. त्यांनी सांगितलं नाही.